दहा लाख नऊ आणि मंजुळेची पात

इंगळे सर, माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी तुमचं नाव घेईन. आईबापाचं त्यानंतर, आणि त्यांना त्याचं वाईट वाटणार नाही. तुम्ही असताना हे मी कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "भाषण नको ठोकू, सोडवून दाखव." परवा तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं, तेव्हाही हे राहूनच गेलं. मी दुसरंच काहीतरी बोललो आणि गजाननानं माईक बंद केला.

गजानन आमच्याच वर्गातला. नांदुऱ्याला कापसाचा व्यापार करतो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं सगळं तोच बघतो. त्यानं जाहीर केलं की दहावीच्या वर्गाच्या दारावर रंगवलेली आमची 'दहा लाख नऊ' ही मूळ संख्या आता सोनेरी अक्षरांत लिहायची, खाली तुमचं नाव घालायचं आणि तसाच मोठा फलक फाटकावर लावायचा. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नंतर माझी पाळी आली. मी म्हणालो, "ती संख्या मूळ नाही. तिला भाग जातो. सरांना ते कळलं होतं, आणि ते त्यांना स्वतः सांगायचं होतं."

माईक बंद झाल्यावर गजानन माझ्या कानाशी आला. "मेलेल्या मास्तरच्या चुका काढून राह्यला काय बे?"

"मी चुका काढत नाही. सरांची इच्छा सांगतोय."

"मंग ते जिते असतानी काऊन नाई बोलला? आता त्यायले उठून सांगता येते काय का हाव, संत्या खरं बोलते म्हनून?"

मागून कुणीतरी म्हणालं, "प्रोफेसर झाला ना, आता मास्तरचाच पेपर तपासते!" आणि लोक हसले. मला राग आला, पण गजाननाचा प्रश्न रास्त होता. रंगारी येत्या आठवड्यात यायचा आहे. त्याआधी हे छापून यावं म्हणून लिहितोय. वाचणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे, त्यामुळे तुम्हाला तोंडपाठ असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगाव्या लागतील. वैतागू नका.

तुमची ती पद्धत मी दुसऱ्या कुठल्याच शाळेत पाहिली नाही. कपाशीच्या वावरात बाया निंदायला उतरतात, तेव्हा प्रत्येकीला तिच्या ओळी वाटून देतात. त्या पट्ट्याला आपल्याकडे पात म्हणतात. आपली पात आपण काढायची, आणि शेजारणीच्या पातीत गवत मागं राहिलं का यावर नजर ठेवायची. दहावीच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही वर्गाला असंच एक वावर वाटून द्यायचात. वावर म्हणजे दहा लाखांच्या जरा पुढची एखादी संख्या. ती मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच तिला निःशेष भाग जात नाही ना, हे सगळ्यांनी मिळून तपासायचं. त्यासाठी हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. हजाराच्या वरचा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडतोच. अशा मूळ संख्या एकशे अडुसष्ट. आमच्या वर्गात पोरं-पोरी मिळून बेचाळीस.

"एकेकाच्या वाट्याले चार-चार," तुम्ही म्हणालात. "देवानं मोजूनच पाठोले तुमाले."

आमच्या आधीच्या वर्गाला दहा लाख सात मिळाली होती. ती तिसऱ्याच पातीत एकोणतीसनं फुटली, आणि त्या पोरांना वर्षभर चिडवून घ्यावं लागलं. आम्हाला मिळाली दहा लाख नऊ. आपलीही फुटेल, या भीतीनं आम्ही भाग देत होतो.

पाती मुलींच्या बाकांपासून सुरू व्हायच्या. मुलींमध्ये शेवटची मंजुळा. तिच्या वाट्याला दोनशे त्र्याऐंशी, दोनशे त्र्याण्णव, तीनशे सात आणि तीनशे अकरा. पहिल्या दिवशी तिनं दोनशे त्र्याऐंशीचा भागाकार केला. बाकी एकशे सत्तर. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिचे वडील आले, शाळेचा दाखला काढायला. तिची सोयरीक जुळली होती.

तुम्ही व्हरांड्यात गेलात. तुमचे दोघांचे आवाज आत येत होते, शब्द कळत नव्हते. इकडे आमची सगळ्यांची कामं झालेली. कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "सर, एकच पात राह्यली!" मग सगळेच ओरडायला लागले. थोड्या वेळानं तुम्ही आत आलात. चेहरा लाल झाला होता. खडू उचलून म्हणालात, "मंजुळेची पात मी काढतो."

तुम्ही फळ्यावर भराभर तीन भागाकार केलेत. दोनशे त्र्याण्णवला बाकी आली शंभर. पूर्ण शंभर! त्या गोल आकड्याची आम्हाला इतकी गंमत वाटली की माझ्या तो कायमचा लक्षात राहिला. पुढच्या दोन्ही भाजकांनीही भाग गेला नाही. दहा लाख नऊ मूळ ठरली आणि आम्ही बाकं बडवली. प्रत्येकाची पात शेजाऱ्यानं तपासायची, हा तुमचाच नियम होता. पण मास्तरांच्या पातीत गवत राहिलं का, हे बघायला कोण वाकणार?

दुसऱ्याच दिवशी ती संख्या दारावर रंगवली गेली. गावात आम्ही 'दहा लाख नऊवाले' झालो. गजाननानं पुढं ट्रॅक्टर घेतला, तर ट्रॉलीच्या मागं '१०,००,००९ मूळ' असं लिहून घेतलं. नांदुऱ्याच्या फाट्यावर पोलिसानं अडवलं, "यातला गाडीचा नंबर कोनता बे?" हा किस्सा तुम्ही वर्गात किती वेळा सांगितला असेल! हसता हसता तुमच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही आमच्या मळ्यात आलात. माझ्या वडिलांनी ठरवलं होतं की दहावी झाली, आता मी भाजीची गाडी घेऊन बाजाराला जायचं. वडील वांगी तोडत होते. तुम्ही बांधावर बसलात आणि सकाळची दुपार झाली तरी उठला नाहीत. वडील म्हणाले, "मास्तर, ऊन लागन तुमाले." तुम्ही म्हणालात, "लागू द्या. तुमी हो म्हना, मंग मी सावलीत जातो." शेवटी वडिलांनी तोडलेली वांगी तुमच्या पिशवीत भरली आणि म्हणाले, "घेऊन जा पोराले बी अन् वांगे बी." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा वांग्यांबरोबर बाहेर पडला. खामगावच्या कॉलेजात अर्ज भरायलाही तुम्हीच आलात, कारण 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहायचं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आज मी अकोल्याला गणित शिकवतो, ते त्या बांधावरच्या सकाळीमुळे.

आणि तिथंच शिकवता शिकवता ती संख्या फुटली. मी मुलांना सांगत होतो की मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता आली, तर एकाच रीतीनं मांडता येते. उदाहरण म्हणून मोठ्या अभिमानानं आमचीच संख्या घेतली. हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग, दहा लाख नऊ. "दुसरी रीत सापडणार नाही," मी म्हणालो, आणि खात्री म्हणून तासानंतर स्टाफरूममध्ये शोधत बसलो. नऊशे बहात्तरचा वर्ग नऊ लाख चव्वेचाळीस हजार सातशे चौऱ्याऐंशी. दोनशे पस्तीसचा वर्ग पंचावन्न हजार दोनशे पंचवीस. बेरीज केली आणि ती पुन्हा करून पाहिली. दहा लाख नऊ. दोन रीती म्हणजे मूळ नाही. त्या दोन रीतींमधूनच भाजकही काढता येतो. मी काढला.

तुमच्या ओट्यावर बसून मी तो कागद पुढं केला, तेव्हा तुम्ही शेंगा फोडत होता. वर्गांकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाहीत.

"हे जादू मले नको दाखवू. भाजक सांग."

"दोनशे त्र्याण्णव, सर."

तुमचा हात थांबला. "मंजुळेच्या पातीतला," तुम्ही म्हणालात. एवढ्या वर्षांनी तुम्हाला कोणता भाजक कुणाचा, हे आठवत होतं. वर्तमानपत्राच्या कडेला तुम्ही भाग दिलात. तीनशे ऐंशीतून दोनशे त्र्याण्णव वजा करताना पेन्सिल थबकली. "तवा मी इथं सत्त्याण्णव मांडले असन. सत्त्याऐंशी पाह्यजे. म्हनून शंभर उरले."

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की एका फार मोठ्या गणितज्ञानंही हीच संख्या एकदा मूळ म्हणून नोंदवली होती आणि नंतर स्वतःच चूक सुधारली. तुम्ही म्हणालात, "तो मोठा मानूस, त्याले चालते. मी तं मास्तर."

शाळेत तुमचा सत्कार ठरलेला होता, त्याच दारापुढं. मी म्हणालो, "कार्यक्रम होऊ द्या सर. मग सावकाश बदलू. पोरांचा तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वास हाये म्हनूनच चुकलं ना बे. एकानंही तपासलं नाई."

"मग मीच आज पुसून येतो."

"तू कोन पुसनारा? पात मंजुळेची हाये. तिनं भाग दिला पाह्यजे. तिनं दिला का मी सगळ्यायसमोर सांगतो."

तिथं माझा तोल गेला. मी म्हणालो, तिला आता त्याचं काय? तिचं घर आहे, पोरं आहेत, आपण जाऊन जुनं कशाला उकरायचं? आणि वर म्हणालो, "तुम्हाला मोकळं वाटावं म्हणून तिला कामाला लावताय तुम्ही." काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. तुम्ही फक्त म्हणालात, "जाय आता. बस निंघून जाईन."

हे भांडण आपण पुरं केलं नाही. माझं काही अंशी बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. पण बसमध्ये बसल्यावर दुसरीच गोष्ट ध्यानात आली आणि ती मी तुम्हाला कधी बोललो नाही. माझ्या वडिलांपुढं तुम्ही अख्खी सकाळ बसलात. मंजुळेच्या वडिलांशी बोलणं अर्ध्यात सोडून तुम्ही आत आलात, कारण आम्ही 'एकच पात राह्यली' म्हणून ओरडत होतो. तुम्हाला खरी चूक वजाबाकीतली वाटत होती, की ती? बांधावर तुम्ही इतका वेळ बसलात, त्यातला काही वेळ तिच्या वाट्याचा होता का? मी विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत.

सत्काराआधीच तुम्हाला खामगावच्या दवाखान्यात नेलं. हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सकाळी मी आलो, तेव्हा तुम्ही माझ्याशी काहीच न झाल्यासारखे बोललात. "मंजुळा पिंपळगाव राजा गावाले देल्ली हाये. जाऊन ये. मले आता जाता येत नाई."

"आधी बरे व्हा सर. दोघं जाऊ."

"आजच जाय. अन् आल्यावर लिहून दे. मले तोंडी उत्तर चालत नाई."

मोटारसायकलवर गेलो आणि दुपारी परत आलो, तर मला आत सोडेनात. वॉर्डात एकच माणूस, आणि त्या काकू. मी दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून पत्र लिहिलं आणि काकूंच्या हाती आत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशननंतर तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत.

काकूंनी मला नंतर सांगितलं की पत्र वाचून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "माही चप्पल कुठी ठेवली?" काकू म्हणाल्या, "पलंगाखाली हाये, पन उठू नोका." तुम्ही म्हणालात, "उठत नाई. फक्त ठाव पाह्यजे."

सभेतला प्रकार काकूंच्या कानावर गेला, तेव्हा त्यांनी मला बोलावून ते पत्र परत दिलं. "त्यायले सांगाचं होतं. आता तू सांग. छाप." मंजुळेलाही फोन केला. "नाव टाका," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. गजानन, तूही हे वाचशील. ते पत्र इथं खाली जसंच्या तसं देतोय. यातला भागाकार तपासून बघ, आणि मग रंगाऱ्याला काय सांगायचं ते तू ठरव.

आदरणीय सर,
सा. न.

तोंडी नको म्हणालात, म्हणून लिहून देतो.

मंजुळेचं घर लगेच सापडलं. सासू ओट्यावर तूर पाखडत होती. मी शाळेतला म्हटल्यावर म्हणाली, "आता काय शाळेत टाकता काय हिले?" मंजुळा आतून आली. तुमचं नाव ऐकलं तशी दारातच थांबली. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माही पात तशीच राह्यली, अन् तुमी समदे जितलो म्हनून घरी गेले." मग म्हणाली, "सर काऊन नाई आले?" मी दवाखान्याचं सांगितलं. ती आत निघून गेली.

ती परत येईल असं मला वाटलं नव्हतं. सासू सुपातून मान वर करून माझ्याकडे बघत होती. उठावं की बसावं, कळेना. तेवढ्यात ती जुन्या कॅलेंडरचं पान आणि पोरीचं पेन घेऊन आली आणि जमिनीवर बसली. "किती म्हनलं? दहा लाख नऊ?"

हजारात तीन वेळा, आठशे एकोणऐंशी. उरले एकशे एकवीस. शून्य खाली घेतलं. "चार जाते का पाच?" तिनं स्वतःलाच विचारलं, आणि चार लिहिले. उरले अडतीस. पुन्हा शून्य, तीनशे ऐंशी. इथं सर, मी कागदावर वाकलो. तुमची चूक नेमकी कुठं झाली हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं आणि सत्त्याऐंशी लिहिले. नऊ खाली घेतले. आठशे एकोणऐंशी. तिनं गुणाकार केलाच नाही. वर बोट ठेवून म्हणाली, "हे तं पयलेच आलं होतं." तीन लिहिले. बाकी शून्य. भागाकार तीन हजार चारशे तेरा.

सासूनं विचारलं, "मंग कोन जितलं?"

"कोनीच नाई, आत्याबाई," ती म्हणाली, आणि थांबली नाही. तीनशे सातनं भाग दिला, बाकी एकशे दहा. तीनशे अकरानं दिला, बाकी एकशे चव्वेचाळीस. मी म्हणालो, आता गरज नाही, संख्या फुटली. ती म्हणाली, "तुमचं झालं असन. माही पात पुरी होऊ द्या." तो कागद सोबत जोडला आहे. तुमची इच्छा पुरी झाली. ओट्यावर मी तुम्हाला जे बोललो, त्यातलं निम्मं मागं घेतो.

पण एक गोष्ट बाकी आहे. मी निघालो तेव्हा ती रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "त्या दिशी सरनं माह्या बाबाले काय म्हनलं? मी घरी होती. बाबा आले ते दाखला खुटीले अडकवून जेवाले बसले. मास्तर भांडला, येवढंच बोलले. किती भांडला, काय म्हने, काईच नाई. आता बाबाही नाईत." मी सांगितलं की मी वर्गात होतो, आवाज ऐकला, शब्द ऐकले नाहीत. तर म्हणाली, "मंग सरलेच इचारा. चिठ्ठी नोका धाडू म्हना. येऊन सांगा म्हना."

मी तुमच्या वतीनं हो म्हणून आलोय. डॉक्टर सोडतील त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ती वावरात जाणार नाही, घरीच राहणार आहे. गाडी मी घेऊन येतो. तुम्ही एवढंच करा, काय बोलला होता ते आठवून ठेवा.

तुमचा,
संतोष